पत्राला उत्तर देणारी माणसं

प्रस्तावना

भाटघर धरण भरून सांडव्याचे दरवाजे उघडले त्या दिवशी आम्ही मुलीला घेऊन पाणी बघायला गेलो होतो. ती तेव्हा दहा वर्षांची. माणसं फोटो काढत होती, कुणी भुट्टा खात होतं. ही मात्र कठड्याला चिकटून दरवाजे मोजत उभी राहिली. स्वयंचलित दरवाजे पंचेचाळीस आहेत, ते पाण्याच्या पातळीप्रमाणे आपोआप उघडतात, वीज लागत नाही, एवढं तिच्या बाबाने सांगितलं. तिने लगेच विचारलं, "वीज नाही तर ढकलतं कोण?" आम्हा दोघांनाही उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. तो तिने अर्ध्यात बंद केला. "हे नुसतं सांगतात, दाखवत नाहीत," म्हणाली.

शेजारच्या वहिनींनी भोरमधल्या एका काकांचं नाव सुचवलं. पाटबंधारे खात्यात मेकॅनिक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. संकोचत फोन केला. "मंगळवारी या, पाचनंतर," एवढंच ते म्हणाले. गेलो तर दरवाजांबद्दल एक शब्द नाही. त्यांनी ताणकाटा काढला, अंगणातला एक काळा दगड सुतळीने बांधून काट्याला लटकवला आणि तिला वाचायला सांगितलं. दोन किलो. मग तोच दगड पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून धरला. काटा तेराशेवर आला. "सातशे ग्रॅम गेले कुठे? शोधून काढ. मग दरवाजांचं बघू," म्हणाले आणि चहा पिऊ लागले. ती ओट्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने उठली, बादली काठोकाठ भरली, खाली परात ठेवली, दगड सोडला आणि परातीत सांडलेलं पाणी जोखलं. भरलं जवळपास सातशे. परतीच्या एसटीत तिने दोन हजाराला सातशेने भागलं आणि मला सांगितलं, "आई, आपला दगड पाण्याच्या पावणेतीनपट जड आहे. थोडा जास्तच." सह्याद्रीच्या बेसाल्टची घनता पुस्तकात साधारण तेवढीच दिलेली असते. पुस्तक तिने नंतर पाहिलं.

हे पुस्तक त्या मंगळवारातून निघालं. भोर आणि वेल्हे तालुक्यांत (वेल्ह्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण तोंडी वेल्हेच बसलंय) राहणाऱ्या, आणि आपल्या मुलाची भूक शाळेच्या ताटात भागत नाही असं जाणवलेल्या आईबापांसाठी ते लिहिलं आहे. अशी मुलं इथे आहेत. वाडीवस्तीवर आहेत, धनगरवाड्यावर आहेत, आश्रमशाळेत आहेत. ती ओळखू येत नाहीत, कारण हुशार मूल म्हणजे नव्वद टक्के मिळवणारं मूल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात ते पुष्कळदा वर्गात कंटाळलेलं असतं, मास्तरांना उलट विचारतं, गृहपाठ अर्धा सोडतं आणि घरी रेडिओ उघडून ठेवतं. आमच्या मुलीला एका शाळेत "अभ्यासक्रमात नाही ते विचारायचं नाही" असं सांगितलं गेलं. त्या बाईंवर माझा राग नाही. तीन इयत्ता एकटीने सांभाळणाऱ्या माणसाकडे आणखी किती मागायचं? पण त्या दिवसानंतर मुलगी महिनाभर काही विचारेनाशी झाली, आणि आम्ही घाबरलो.

घरी शिकवणं ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. महाराष्ट्रात त्याला मोठा आणि दुखरा इतिहास आहे. ज्यांना शाळेचं दार बंद होतं त्यांची शाळा घरातच भरली. जोतीरावांनी सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकवलं. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या आणि आईच्या तोंडून पुराणं शिकत वाढल्या. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी हे कुटुंब वर्षानुवर्षं गावोगाव फिरत पुराणं सांगून पोट भरत होतं, आणि दुष्काळात आईबाप गेले, हे आपण विसरतो. घरी शिकलेलं मूल विद्वान होऊ शकतं. पण घराभोवती माणसं नसली तर ते फार एकटंही पडतं. पुस्तक लिहिताना ही गोष्ट मी सतत डोळ्यांसमोर ठेवली.

आज घरशाळा म्हणतो तो विचार वेगळ्या वाटेने आला. १९७१ साली इव्हान इलिच यांनी शाळा ही संस्थाच शिकण्याच्या आड येते असं मांडलं. अमेरिकेतले शिक्षक जॉन होल्ट आधी शाळा सुधारायला निघाले होते. ते जमेना तेव्हा त्यांनी १९७७ मध्ये घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी नियतकालिक सुरू केलं. आपल्याकडे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली, हाताच्या उद्योगातून सगळे विषय शिकण्याची. त्याच्याही आधी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक मूल स्वतः शिकतं हे करून दाखवत होते. या सगळ्यांचा वारसा आजच्या घरशाळांत सरमिसळ होऊन उतरला आहे. काहीजण शाळाच घरी आणतात: वेळापत्रक, पाठ्यपुस्तकं, चाचण्या. काहीजण होल्ट यांच्या वाटेने मुलाच्या कुतूहलामागे जातात, वेळापत्रक ठेवतच नाहीत. काहीजण शेती, सुतारकाम, स्वयंपाक यांतूनच गणित-विज्ञान काढतात. पुण्यामुंबईत या तिन्ही तऱ्हांची कुटुंबं भेटतात. इथल्या पालकांना मी यातली कोणतीच वाट पूर्ण घ्या असं सांगणार नाही. त्याचं कारण पुढे येतं.

कायद्याचं थोडक्यात. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांचं शिक्षण मूलभूत हक्क झालं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला शाळेत घालणं हे कायद्यात पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे, पण न घातल्यास पालकाला शिक्षा नाही. घरशाळेचं नाव त्यात कुठेच येत नाही. परीक्षांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आणि नंतर दहावी-बारावी देता येते. राज्य मंडळाचंही मुक्त विद्यालय आहे, आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देण्याची जुनी सोय तर गावागावात माहीत असते. थोडक्यात, कागदाची वाट आहे.

हुशार मुलांचा अभ्यास ही मात्र निराळी शाखा आहे, आणि तिच्यातली भांडणं आपल्या कामाची आहेत. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी १९२१ साली बुद्ध्यंकाच्या चाचणीने दीड हजारांवर मुलं निवडून त्यांचा जन्मभर माग काढायचं ठरवलं. चाचणीत मागे पडल्याने ज्यांना घेतलं नाही त्यांच्यातले दोघे, विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ, पुढे नोबेल मिळवून गेले. निवडलेल्यांत एकालाही ते मिळालं नाही. एका आकड्यावर मूल ओळखण्याची मर्यादा यापेक्षा स्पष्ट काय दिसणार? १९७८ मध्ये जोसेफ रेन्झुली म्हणाले की बरी बुद्धी, कल्पकता आणि कामाला चिकटून राहण्याची ताकद, या तिन्ही एकत्र आल्या की प्रतिभा दिसते. दुसरं भांडण वाटेचं. जॉन्स हॉपकिन्सच्या ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ पासून गणितात पुढे असलेल्या मुलांना थेट वरच्या अभ्यासक्रमात नेलं. दुसरा पक्ष म्हणतो, वयाच्याच मुलांत ठेवा, पण विषय रुंद आणि खोल करा. आमचा अनुभव असा की बारा वर्षांच्या आतल्या मुलाला दुसरी वाट मानवते. गणितात मूल फारच पुढे पळत असेल तर मात्र त्याला अडवू नये.

महाराष्ट्राला या क्षेत्रात एक मोठं लेणं लाभलं आहे. डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांसाठीच, आणि १९६९ मध्ये प्रशाला काढली. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर तिथे झालेलं मानसशास्त्रीय काम देशात अभ्यासलं गेलं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांचं दुसरं म्हणणं: ही बुद्धी समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे. तेच प्रबोधिनीचे लोक शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्यांत बायकांच्या बचत गटांचं काम घेऊन आले. ग्रामीण हुशार मुलांसाठी नवोदय विद्यालयं आहेत, पुणे जिल्ह्याचं शिरूर तालुक्यात पिंपळे जगतापला. सहावीत प्रवेश, परीक्षा देऊन, राहून शिकायचं. ज्यांचं मूल घर सोडून राहू शकतं त्यांनी ती परीक्षा जरूर द्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष कल असलेल्या मुलांसाठी मंडळं आणि प्रकल्प असावेत असं लिहिलं आहे. ते वेल्ह्याच्या शेवटच्या वाडीपर्यंत कधी पोचेल याची वाट बघत मुलाचं वय थांबत नाही.

मला सांगायचं आहे ते एवढंच: घरशाळेत आईबापांनी शिक्षक व्हायचं नसतं, त्यांनी माणसं शोधायची असतात.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ शाळकरी वयाचे होते तेव्हा वेडा राघू या पक्ष्याच्या शेपटीतलं मधलं लांब पीस दिसेनासं झालेलं त्यांना जाणवलं. त्यांनी थेट सलीम अलींना पत्र लिहून विचारलं. सलीम अलींनी उत्तर पाठवलं. वेडा राघू भोरच्या रस्त्यावर विजेच्या तारेवर आजही रांगेने बसलेला असतो. आम्ही एसटीतून जाताना तो मोजतो. एका पोराच्या पत्राला देशातल्या सर्वांत मोठ्या पक्षीशास्त्रज्ञाने उत्तर दिलं, ही गोष्ट मी मुलीला किती वेळा सांगितली असेल. त्याच गाडगीळांनी वा. द. वर्तकांबरोबर पश्चिम घाटातल्या देवरायांचा पाया घालणारा अभ्यास केला. आपल्या तालुक्यांतल्या देवरायांकडे शास्त्र म्हणून बघता येतं हे आपल्याला कळलं ते अशा कामामुळे.

जयंत नारळीकरांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात गणिताची काय वानवा? पण नारळीकर आठवण सांगत ती मामांची. मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी.साठी त्यांच्याकडे राहायला आले होते. ते घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत ते फळ्यावरच राहायचं. एक फळा आणि खडू. याला पैसा लागत नाही, इंग्रजी शाळा लागत नाही. लागतो एक मोठा माणूस, ज्याला त्या मुलाचं डोकं चालताना बघायला आवडतं.

मालविका जोशीचं उदाहरण घरशाळेच्या प्रत्येक चर्चेत निघतं. मुंबईची ही मुलगी सातवीत असताना आईने शाळेतून काढली. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचा रस्ता बंद होता, पण संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवल्यावर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने तिला घेतलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते "शाळा सोडली". मला त्यात दिसतात ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे शिक्षक, ज्यांनी प्रमाणपत्र न विचारता तिला शिकवलं. ती माणसं नसती तर नुसती शाळा सोडून काय झालं असतं?

शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पियानोवादक, शिल्पकार, जलतरणपटू, टेनिसपटू, गणिती आणि मेंदूवैज्ञानिक अशा १२० जणांच्या बालपणाचा माग काढला होता. त्यांचे पहिले गुरू जगप्रसिद्ध नव्हते. ते बहुतेक जवळपासचे, प्रेमळ, मुलाला गोडी लावणारे लोक होते. कडक, तज्ज्ञ गुरू नंतर आले. हे वाचलं तेव्हा माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. म्हणजे पहिला गुरू पुण्यात शोधायला नको.

तो इथे आहे. पहिली माझी मागणी: जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना कमी लेखू नका. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तरच होते, आणि ६१७४ हा त्यांचा स्थिरांक आज जगभरची मुलं करून बघतात. (कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा. फार तर सात वेळा केल्यावर ६१७४ येतं आणि तिथेच अडकतं. आमच्या ओट्यावर एका पावसाळी दुपारी चार मुलांनी याची दीडशे उदाहरणं केली.) मग आंबेमोहराचं बी पिढ्यान्‌पिढ्या जपणारे शेतकरी, देवराईतलं झाडन्‌झाड ओळखणाऱ्या आजी, राजगड-तोरण्यावर पाण्याची टाकी कुठे का खोदली हे दाखवणारे गडकरी वाटाडे, गॅरेजवाले, शिवणकाम करणाऱ्या ताई, बँकेतून निवृत्त झालेले अण्णा. यांना आपण मार्गदर्शक म्हणत नाही, कारण त्यांनी स्वतःला कधी तसं म्हटलेलं नाही.

पुणं लागतंच, पण महिन्यातून एकदा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये काढलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान गणित ऑलिंपियाडसाठी, १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आकाशासाठी, आयुकात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून उभी केलेली विज्ञानाची खेळणी. २८ फेब्रुवारीच्या सुमारास जुन्नरजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. चेलाडी फाट्यावरून स्वारगेटची गाडी धरून परतीची शेवटची एसटी चुकू न देता यांतलं काय साधतं, याचा हिशेब आम्ही मांडला आहे. तो शहरातल्या लेखकाला सुचला नसता.

आता त्या अडचणीच्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे मी शाळा सोडा असं सरसकट म्हणत नाही. वेल्ह्यात कमी पटाच्या शाळा पुष्कळ. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तांनी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्याच पानशेतचं नाव दिलं. अशा वाडीत दोन हुशार मुलांनी नाव काढून घेतलं तर पट आणखी खाली येतो, आणि उरलेल्यांना घाट उतरून जावं लागण्याची वेळ येऊ शकते. त्यातल्या किती घरांत ती शाळा शिकणारी पहिलीच पिढी आहे. तिथे दुपारचा आहार मिळतो, तिथे सगळ्या आळीची मुलं एका पंगतीला बसतात. ज्या शाळेसाठी सावित्रीबाईंनी शेण झेललं ती आपल्या एका मुलाच्या सोयीसाठी ओसाड करायला माझं मन घेत नाही. म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग अर्ध्या वाटेसाठी आहे: मूल शाळेत राहतं, संध्याकाळ आणि सुट्ट्या त्याच्या खऱ्या शिक्षणाच्या, आणि मंगळवारच्या काकांकडे एकटं जाण्याऐवजी वर्गातल्या आणखी तिघांना घेऊन जातं. ज्यांना पूर्ण घरशाळा करावीच लागते, आजारपणामुळे, फार त्रास झाल्यामुळे, किंवा मूल खरोखरच चार इयत्ता पुढे असल्यामुळे, त्यांच्यासाठीही सगळी माहिती दिली आहे. आम्ही स्वतः एक वर्ष पूर्ण घरी काढलं. त्या वर्षाबद्दल जे चुकलं तेही लिहिलं आहे, विशेषतः मैत्रिणी तुटल्याचं.

मुलगा की मुलगी यावरून घरात होणारा फरकही आम्ही लपवलेला नाही. दोन्ही तालुक्यांत भेटलेल्या बऱ्याच घरांत मुलासाठी पुण्याचा क्लास शोधला जात होता आणि तेवढीच चुणचुणीत मुलगी लावणीच्या दिवसांत शाळा बुडवून तरवा उपटायला जात होती. शेतातलं काम वाईट नाही, त्यातून शिकताही येतं. पण तिच्या गणिताच्या वहीचं काय झालं, हा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे, आणि तो विचारायचा कसा यावर एक अख्खं प्रकरण आहे.

पुस्तकात तयार अभ्यासक्रम सापडणार नाही. माणसाकडे पहिल्यांदा जाताना काय बोलावं, मुलाला किती वेळ द्या म्हणावं, मोबदला विचारावा की भाजी घेऊन जावं, अनोळखी घरी मुलाला एकटं सोडू नये, आणि गुरूला नको झालं तर ते ओळखून वेळेवर थांबावं कसं, असल्या गोष्टी आहेत. भोर-वेल्ह्यातली जी माणसं मुलांना वेळ द्यायला तयार झाली त्यांची नावं आम्ही मुद्दाम छापली नाहीत. ती ओळख तोंडीच व्हावी. शेवटची बारा पानं म्हणून कोरी सोडली आहेत, प्रत्येकावर नाव, विषय आणि वार लिहिण्यापुरत्या तीन रेघा. आमच्या घरच्या प्रतीत पहिल्या पानावर मुलीच्या अक्षरात काकांचं नाव आहे, खाली "पाणी आणि लोखंड", आणि त्याखाली "मंगळवार, पाचनंतर. येताना दगड आणणे."